धोंडीशेठची दातपारख

जेवायला बसता बसता वरदने मान वळवली, दोन बोटं तोंडात घातली, आतून काहीतरी काढलं आणि ते कागदी नॅपकिनमध्ये गुंडाळून ताटामागे ठेवलं. हे त्याने इतक्या शिताफीने केलं, की पंगतीतल्या बाकी सतरा माणसांपैकी सोळा जणांना पत्ता लागला नाही. सतरावे धोंडीशेठ होते.

धोंडीशेठ गव्हाणचे. त्यांना शर्यतीच्या बैलांचा नाद, आणि पनवेल-उरण पट्ट्यात कुणाला बैल घ्यायचा झाला की लोक त्यांना गाडीत घालून घेऊन जात. ते शिंगं बघत नसत, चाल बघत नसत. अंगठ्याने बैलाचा खालचा ओठ ओढायचा, आत एक नजर टाकायची आणि निकाल द्यायचा. "आदत," म्हणजे अजून दुधाचे दात. "दुसा," म्हणजे दोन पक्के आले. "चौसा," म्हणजे चार. सगळे आले की "जुळला". चाळीस वर्षांत त्यांचा निकाल एकदाच चुकला होता. एका दलालाने म्हाताऱ्या बैलाच्या दातांना कानस मारून तो चौसा म्हणून त्यांच्या गळ्यात मारला. तेव्हापासून चकचकीत दात दिसले, की धोंडीशेठ आधी स्वतःचा खिसा चाचपून बघत.

वरदचे दात फारच चकचकीत होते.

त्यांच्या घरी आजचं जेवण होतं भाचीच्या लग्नाच्या बोलणीचं. दिपिका पनवेलला एका विमा कंपनीच्या ऑफिसात नोकरीला. तिची आई प्रमिला ही धोंडीशेठची धाकटी बहीण. नवरा वारल्यापासून ती कधी उघडपणे दादाच्या शब्दाबाहेर गेली नव्हती. वरद खारघरचा, वय अठ्ठावीस, नोकरी चांगली. मुलीला मुलगा आवडला होता, मुलाला मुलगी आवडली होती, पंधरा दिवसांनी साखरपुडा ठरत होता. राहिला होता फक्त मामाचा होकार. मामा "नाय" म्हणाला तर प्रमिला "नाही" म्हणणार, हे दिपिकाला पक्कं माहीत होतं.

"आमच्या पोरीचं दात बगा," धोंडीशेठ वरदच्या वडिलांना, कुमाररावांना सांगत होते. "ल्हानपनी तिचा सुळा हा असा भायेर. माज्या आयेचा पन तसाच व्हता. ही बोलली, मामा, तार लावूया. मी बोल्लो, अजाबात नाय! देवानं दिलंय त्याला तार कसली लावतीस? वयात आलीस का बसंल जागेवर. आनि बसला का नाय? कनचा डाक्टर नाय, कनचा औशिद नाय. आमच्या घराण्यात दात आपोआप जागेवर येतात."

"अरे वा," कुमारराव म्हणाले.

वरदला जोराचा ठसका लागला. दिपिकाने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि ती ताटातलं मीठ बारकाईने बघू लागली.

धोंडीशेठची नजर मात्र वरदच्या जबड्यावरून हलली नाही. पोरगा तांदळाच्या भाकरीचे बारीक तुकडे करत होता आणि रश्श्यात भिजवून खात होता. मटणाचा एक तुकडा त्याने तोंडात टाकला आणि तो चावत बसला. धोंडीशेठनी मनात मोजलं. एकतीस, बत्तीस, तेहेतीस. एवढा वेळ तर त्यांचा बैलही एका घासाला लावत नव्हता. शिवाय कमळाबाईंनी, म्हणजे धोंडीशेठच्या बायकोने, मुद्दाम निवडून वाढलेली नळी तशीच ताटाच्या कडेला पडून होती.

"फोडा ना ती, पावनं! जावयाचा मान हाय."

"नको मामा, पोट भरलं."

आगरी घरात येऊन होणारा जावई नळी न फोडता उठला. धोंडीशेठनी कमळाबाईंकडे बघितलं. कमळाबाई ताटं उचलायच्या गडबडीत होत्या. त्यांनी उरलेल्या भाकऱ्या, भाजीची देठं, काकडीच्या साली असं सगळं बैलाच्या घमेल्यात लोटलं. त्यात वरदच्या ताटामागचा नॅपकिनही गेला.

घमेलं गेलं वकिलापुढे. वकील हा धोंडीशेठचा लाडका बैल. कुठल्याही गोष्टीला आधी विरोध करतो म्हणून त्याला ते नाव पडलं होतं.

पाहुणे जाऊन तासभर झाला असेल नसेल, दिपिकाचा मामीला फोन आला. "मामी, वरदच्या ताटापाशी एक नॅपकिन होता का गं?"

"व्हता नं. टाकला. का गो, काय व्हता त्याच्यात?"

"काही नाही... म्हणजे... जाऊ दे."

फोन स्पीकरवर होता आणि धोंडीशेठ बाजूला सुपारी कातरत बसले होते. त्यांचा अडकित्ता थांबला. काही नव्हतं तर फोन कशाला? आणि काही होतं तर नाव घ्यायला काय झालं? ते उठले आणि सरळ गोठ्यात गेले. वकील उभा होता, पण एकाच बाजूने चावत होता. मधूनच मान झटकत होता. धोंडीशेठनी अंगठा घातला आणि त्याचं तोंड उघडलं.

आत टाळूला एक गुलाबी प्लास्टिकची पाटी चिकटली होती आणि तिच्यातून तार बाहेर आली होती.

पहिला झटका बसला तो वकिलाच्या बाबतीत. बैलाला वरच्या बाजूला पुढचे दात नसतातच, हे त्यांच्या धंद्यातलं पहिलं अक्षर. म्हणजे आता दलाल लोक बैलाला वरचे दातही बसवून विकायला लागले की काय? दोन मिनिटं ते घामाघूम झाले. मग त्यांना नॅपकिन आठवला आणि दुसरा झटका बसला. तो पहिल्याहून मोठा होता.

"कमले! इकडं ये! पोरग्याला दातांची कवली हाय! अठ्ठावीस कसला, चालिशीच्या पुढं हाय तो! कानस मारलेला माल!"

कमळाबाईंनी ती वस्तू चिमटीत धरून उलटी-सुलटी केली. "अवो, पन याच्यात दात कुटं हायत?"

धोंडीशेठनी निरखून बघितलं. खरंच, नुसती गुलाबी हिरडी आणि तार. दात एकही नव्हता. त्यांनी वकिलाच्या पोटाकडे बघितलं आणि खिशातून फोन काढला. जनावरांचे डॉक्टर शैलेश यांनी दुसऱ्या रिंगला उचलला.

"डाक्टर, बैलानं दात गिलला तर काय व्हतंय?"

"कुणाचे दात, शेठ?"

"मानसाचं. वरची सगली रांग."

"शेठ, माणूस कुठे आहे?"

"खारघरला गेला."

"अहो, त्याला आधी दवाखान्यात न्या!"

"तो धडधाकट हाय. जेवून गेला. तुमी बैलाचं बोला."

डॉक्टर शैलेश यांनी जास्त खोलात न जाता दोन दिवस शेणावर लक्ष ठेवायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून धोंडीशेठ गोठ्यात काठीने शेण उपसत बसले. येणारे-जाणारे थांबायला लागले. "काय हरवला, शेठ?" जावयाचे दात शोधतोय असं तर सांगता येत नाही. धोंडीशेठ म्हणाले, "आंगठी." हे ऐकून शेजारचे दोघं मदतीला बसले. दहा वाजेपर्यंत आणखी तिघं आले, त्यातल्या एकाने घरून चाळणी आणली. बारा वाजता बातमी पनवेलला पोचली, आणि पोचेपर्यंत ती चांगली बाळसं धरून होती. प्रमिलाचा फोन आला.

"दादा, साखरपुड्याची अंगठी बैलाने खाल्ली म्हणतात!"

"कोन बोलतंय?"

"सगळं गव्हाण बोलतंय! पण दादा, अंगठी तर आपण अजून घेतलीच नाही. मग बैलाने कुठली खाल्ली?"

"ते मी बगतंय. तू पयला सांग, पोरग्याला भेटलीस का?"

"आत्ता इथेच आहे. दिपिकाशी काहीतरी कुजबुज चाललीय दोघांची. मी चिवडा दिला तर नको म्हणाला, नुसता चहा घेतला."

"हसतंय का?"

"कोण?"

"पोरगा! हसतंय का? दात हायत का तोंडात?"

"हे काय विचारतोस? आहेत की. अगदी मोत्यांसारखे."

धोंडीशेठ मटकन गोठ्याच्या ओट्यावर बसले. शेणात एकही दात सापडला नव्हता आणि तिकडे पोरगा पूर्ण बत्तिशी दाखवत चहा पीत होता. याचा अर्थ सरळ होता. त्याच्याकडे दोन सेट होते. एक हरवला तर दुसरा तयार. एवढी तयारी ज्याने दातांची केली, त्याने पगाराच्या पावत्यांची काय काय केली असेल!

"पमे, माजा सबूद येईपरत कोनाला 'हा' बोलू नकोस," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

पनवेलला प्रमिलाच्या घरी संध्याकाळी दिपिका जेवली नाही. वरदची हरवलेली वस्तू तिला चांगली ओळखीची होती. पण तिचं नाव मामासमोर काढायचं तर तारेचं नाव निघणार, आणि तारेचं नाव निघालं की पुढचं बरंच काही निघणार होतं. त्यामुळे ती गप्प राहिली, आणि तिच्या गप्प राहण्यामुळे प्रमिलालाही काहीतरी काळंबेरं वाटायला लागलं.

बुधवारी सकाळी धोंडीशेठ इस्त्रीचा शर्ट घालून पनवेलला निघाले. गुलाबी पुरावा रुमालात, रुमाल खिशात. असली फसवाफसवी जिथे चालते तिथेच चौकशी करायची, असा त्यांचा हिशेब. 'वाकडे दात सरळ करून मिळतील' अशी मोठी पाटी बघून ते एका दवाखान्याचा जिना चढले. डॉक्टर बाई तरुण होत्या. दारावर 'डॉ. कीर्ती' एवढंच त्यांनी वाचलं.

"काय त्रास आहे, काका?"

धोंडीशेठनी रुमाल उघडला. "ही वस्तू कसली हाय ते सांगा."

डॉक्टरांनी ती हातात घेतली. "तुमची आहे?"

"माजीच."

"ही चावलीय कुणी?"

"मीच."

"अशी आडवी? रवंथ केल्यासारखी?"

डॉक्टरांनी खुर्चीकडे बोट केलं. "बसा. आ करा."

चाळीस वर्षांत त्यांनी किती तोंडं उघडली याची गणती नव्हती. पण आपलं तोंड दुसऱ्याने उघडायची ही पहिलीच वेळ. वरून दिवा आला, ओठ खाली ओढला गेला, आणि ते वकिलाच्या तोंडात बघत तसं डॉक्टरांनी आत बघितलं.

"वय पासष्टच्या पुढे," त्या म्हणाल्या.

धोंडीशेठ लोकांना साठ सांगत. त्यांनी उघड्या तोंडाने विरोध करून बघितला, पण शब्द उमटले नाहीत.

"डाव्या बाजूच्या दाढा गेल्यात. पंधरा-वीस वर्षं तरी त्या बाजूने तुम्ही चावत नाही. मटण खाता ना? ते तुम्ही चावत नाही काका, गिळता. मग पोट दुखतं. आणि ही वस्तू तुमची नाही."

"जावयाची हाय," धोंडीशेठ तोंड मिटत म्हणाले. "होनाऱ्या. खरा सांगा, पोरग्याला कवली हाय ना?"

डॉक्टर हसल्या. "नाही हो. याला रिटेनर म्हणतात. वाकडे दात तारेने सरळ केले, की तार काढल्यावर ते जुन्या जागेकडे पळायला बघतात. त्यांना अडवून धरायला हे घालायचं, जेवताना काढायचं. दात ज्याचे त्यालाच असतात. पण हे लवकर नवं करून घ्यायला सांगा, नाहीतर पुन्हा वाकडे होतील."

"मग चावीत का नाय तो? मटनाची एक बोटी तेहेतीस वेला चावली. नली तशीच ठेवली."

"तार काढून थोडेच दिवस झाले असतील. दात सरळ दिसतात, पण वरचे आणि खालचे नीट समोरासमोर पहिल्यांदाच आलेले असतात. चावायची जुनी सवय मोडलेली, नवी अजून लागलेली नसते. काही महिने जोर कमी वाटतो. मग जबडा शिकतो आणि आधीपेक्षा चांगलं चावता येतं."

धोंडीशेठ विचारात पडले. "म्हंजे नव्या बैलांची जोडी गाड्याला जुपली का पयले पाय जुलत नाय, तसा."

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाल्या. "छान सांगितलंत."

एक ओझं उतरलं. पोरगा कानस मारलेला नव्हता. धोंडीशेठ उठले आणि चप्पल घालता घालता त्यांची नजर भिंतीवर गेली. तिथे फोटोंच्या चार जोड्या लावल्या होत्या. प्रत्येक जोडीत एक 'आधी', एक 'नंतर'. चेहरे नव्हते, नुसती तोंडं.

तिसऱ्या जोडीपाशी धोंडीशेठ थांबले. 'आधी'मध्ये वरचा उजवा सुळा शेजारच्या दातावर चढून बसलेला. हा सुळा त्यांच्या आईचा होता. खालच्या ओठाखाली एक बारीक पांढरा व्रण होता. सात वर्षांची असताना दिपिका गाड्यावरून पडली होती. गाडा धोंडीशेठच हाकत होते. टाके पडेपर्यंत तिने त्यांचं बोट सोडलं नव्हतं. शेजारी 'नंतर'मध्ये तोच व्रण, आणि वर दातांची सरळ ओळ. तिच्याकडे बोट दाखवून ते चार वर्षं जगाला सांगत होते, की आमच्या घराण्यात दात आपोआप जागेवर येतात.

"ही पोरगी कोन?" त्यांनी विचारलं.

"नाव नाही सांगता येणार. पण धीराची मुलगी. कोरोनात सगळे मास्क लावत होते ना, तेव्हा दोन वर्षं मास्कखाली तार लावली. घरात फक्त आईला माहीत. मामाला सांगायची सोय नव्हती म्हणे. मामा बैलांचे दात बघतो आणि तारेचं नाव काढलं की भडकतो." डॉक्टरांना हसू आवरेना. "मला त्या मामाला एकदा बघायचंय."

"असल कुटं तरी," धोंडीशेठ म्हणाले. "दिसाला सरल व्हावा म्हनून केला तिनं?"

"दिसायला? नाही हो. तिचे पुढचे दात एकमेकांवर टेकतच नव्हते. पोळीचा तुकडा तोडता यायचा नाही, फळ चावता यायचं नाही. लहानपणापासून सगळं बारीक करून खायची. तार काढल्यावर सहा महिने तिलाही कठीण गेलं. मग एक दिवस मला फोन केला, डॉक्टर, मी आज अख्खा पेरू खाल्ला."

धोंडीशेठ जिना उतरले आणि खालच्या पायरीवर बसले. दर थंडीत ते दिपिकाला पेरू आणून देत आणि ती दर वेळी म्हणे, "मामा, कापून द्या ना." ते कौतुकाने कापून देत. पोर नाजूक हाय, लाडात वाढलीय, असं गावभर सांगत. तालुक्यातला कुठला बैल कुठल्या बाजूने चावतो हे त्यांना पाठ होतं. घरातली पोरगी वीस वर्षं चावू शकत नव्हती, ते त्यांना दिसलं नाही. आणि तिने तोंड उघडून सांगितलं होतं, तर त्यांनीच ते बंद केलं होतं. त्यांना फार वाईट वाटलं. असं वाईट त्यांना त्या दलालाने फसवलं तेव्हाही वाटलं नव्हतं.

तिथे बसूनच त्यांनी वरदला फोन लावला.

"जावईबापू, तुमची वस्तू माज्या बैलानं चावली. लगोलग नवी करून घ्या, दात वाकडं होतील."

"मामा... म्हणजे तुम्हाला सगळं कळलं? दिपिकाचं पण...?"

"मना काय बी म्हाईत नाय," धोंडीशेठ म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. मग दुसरा लावला. "पमे, 'हा' बोल. पोरगा चौसा हाय. तोंड मी तपासला."

एवढं करून ते पुन्हा जिना चढून वर गेले. का गेले ते त्यांनी कुणालाही सांगितलं नाही, आणि साखरपुड्यापर्यंत ते आणखी चारदा पनवेलला जाऊन आले तेही नाही. कमळाबाईंना मात्र संशय यायला लागला. माणूस इस्त्रीचा शर्ट घालून जातो, कुठे जातो ते सांगत नाही आणि परत आला की आरशात बघतो.

साखरपुडा थाटात झाला. जेवणाची पंगत बसली. या वेळी धोंडीशेठनी वरदच्या ताटात मटणाचे तुकडे स्वतः सुरीने बारीक करून घातले. "सावकास चावा," ते म्हणाले, "घाई नाय." दिपिका संशयाने मामाकडे बघत होती. तिच्या ताटाशेजारी एक पेरू ठेवला होता. अख्खा, न कापलेला.

तेवढ्यात कुमाररावांना बोलायला विषय सुचला. "धोंडीशेठ, तुम्ही म्हणाला होतात ना, तुमच्या घराण्यात दात आपोआप जागेवर येतात?"

वरदचा घास थांबला. प्रमिलाच्या हातातली रश्श्याची वाटी कलंडली.

"येतात नं," धोंडीशेठ भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले. "पन दोन वर्सं तोंड झाकून ठेवाला लागतंय."

त्यांनी वर बघितलं नाही. दिपिका त्यांच्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी तिला हसूही फुटलं. मग तिने पेरू उचलला आणि सगळ्या पंगतीसमोर त्याचा कचकन लचका तोडला.

जेवणं झाली. कमळाबाई हातात घमेलं घेऊन ताटं उचलायला आल्या, आणि त्यांनी हात पुढे करताच पंगतीतले दोन हात एकदम दोन नॅपकिनांवर पडले.

एक हात वरदचा होता. दुसरा धोंडीशेठचा. नव्या दाढांनी चावायची सवय त्यांनाही अजून लागली नव्हती.